मालकाच्या वहीत सापडलेले पूर्वज

१९७७ सालच्या जानेवारी महिन्यात अमेरिकेत लागोपाठ आठ रात्री टेलिव्हिजनवर एक मालिका दाखवली गेली. ‘रूट्स’ म्हणजे ‘मुळे’ असे तिचे नाव. ॲलेक्स हॅले या कृष्णवर्णीय लेखकाच्या पुस्तकावर ती आधारलेली होती. आफ्रिकेतून पकडून आणलेला एक तरुण, गुलामीत जन्मलेली त्याची मुले, नातवंडे, पतवंडे, अशी ती पिढ्यांची कहाणी. कोट्यवधी अमेरिकन लोकांनी, काळ्यांनी आणि गोऱ्यांनीही, ती पाहिली.

व्हर्जिनिया राज्यातल्या पोर्ट्समथ शहरात डोरोथी स्प्रुइल रेडफर्ड नावाची एक नोकरदार स्त्री आपल्या मुलीबरोबर ती मालिका पाहत होती. समाजकल्याण खात्यात तिची नोकरी होती. मालिका पाहून मुलीने आईला विचारले की, मग आपले लोक कुठले? आईकडे उत्तर नव्हते. आपला जन्म शेजारच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या कोलंबिया या लहानशा गावातला, एवढे तिला ठाऊक होते. आजी-आजोबांच्या पलीकडे मात्र सगळा अंधार. घरातली वडीलधारी मंडळी मागचे काही बोलत नसत. मागे जे होते ते आठवावे असे नव्हते, हे आपल्यापैकी पुष्कळांना समजावून सांगायला नको.

वाचकहो, मुलीच्या त्या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात या बाईची जवळजवळ दहा वर्षे गेली. हे उत्तर तिला कोणत्या पोथीत किंवा भाटाच्या वहीत सापडले नाही. ते सापडले खेड्यापाड्यांतल्या सरकारी कचेऱ्यांतील दप्तरात, आणि ज्यांनी तिच्या पूर्वजांना विकत घेतले त्यांच्याच हिशेबाच्या वह्यांत.

काउंटी आणि तिचे दप्तर

अमेरिकेत राज्याच्या खाली काउंटी असते. आपल्याकडचा तालुका डोळ्यांसमोर आणावा, म्हणजे बरीचशी कल्पना येते. सबंध देशात तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत. एकट्या नॉर्थ कॅरोलिनात शंभर आहेत. प्रत्येक काउंटीच्या मुख्य गावात एक कोर्टहाऊस असते. नाव कोर्टाचे असले तरी जमिनीची खरेदीखते, गहाणखते, मृत्युपत्रे, वारसांच्या वाटण्या, लग्नाच्या नोंदी हे सगळे दप्तर परंपरेने तिथेच सांभाळले जाते. आपल्याकडे दस्त नोंदणीची कचेरी, तलाठ्याची चावडी आणि दिवाणी कोर्ट अशी तीन ठिकाणे हिंडावी लागतील, ते तिथे बहुतेक एका छपराखाली मिळते. दप्तर लोकांना पाहायला खुले असते.

रेडफर्डबाईंचा शोध ज्या भागात फिरला तो राज्याच्या पूर्वेकडचा, समुद्राजवळचा, दलदलीचा मुलूख. टिरेल काउंटी ही तिथली जुनी काउंटी. १७९९ साली तिचा एक भाग तोडून वॉशिंग्टन काउंटी बनवली गेली. प्लिमथ हे तिचे मुख्य गाव. आजही ही काउंटी पूर्ण ग्रामीण आहे. २०२० च्या जनगणनेत तिची लोकसंख्या जेमतेम ११ हजार भरली. शेती, जंगल, मधूनमधून घरे. क्रेसवेल या गावाजवळ फेल्प्स नावाचे मोठे उथळ सरोवर आहे. १९८५ च्या सुमारास त्याचे पाणी ओसरले तेव्हा तळातून एकाच लाकडात कोरलेल्या जुन्या होड्या निघाल्या. त्यांतल्या काही चार हजारांहून अधिक वर्षे जुन्या आहेत. म्हणजे काउंटीचे नाव ठेवणारे येण्याच्या फार आधीपासून तिथे मूळ रहिवासी नांदत होते. त्यांची नावे कुठल्याच कोर्टहाऊसमध्ये नाहीत.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ‘काउंटीचा इतिहास’ छापायचा मोठा धंदा चालला. जाडजूड, सोनेरी अक्षरांचे ग्रंथ निघत. ‘पहिले वसाहतवाले’, ‘नामवंत घराणी’ अशी प्रकरणे. पुष्कळदा गंमत अशी की, पुस्तकासाठी आगाऊ वर्गणी भरणाऱ्याचे चरित्र आत छापले जाई, फोटो पाहिजे असेल तर आणखी पैसे. पैसे भरले तो नामवंत! वंशावळ लावणे हा तिथे बराच काळ गोऱ्या खानदानी लोकांचा छंद होता. ज्यांनी दलदल उपसली, झाडे तोडली, शेत काढले, त्यांचा या ग्रंथांत उल्लेख झालाच तर आकड्याने होई.

१८७० ची भिंत

वंशाचा शोध मागे मागे जात करायचा असतो. आधी घरातली माणसे विचारायची. जुने बायबल, त्यात लिहिलेल्या जन्मतारखा, अंत्यविधीची छापील पत्रिका, चर्चच्या वह्या, थडग्यावरचा दगड पाहायचा. मग जनगणना. अमेरिकेत १७९० पासून दर दहा वर्षांनी जनगणना होते, आणि बहात्तर वर्षे उलटली की त्या वेळचे मूळ तक्ते, नावानिशी, लोकांना खुले होतात. १९५० चे तक्ते २०२२ च्या एप्रिलमध्ये खुले झाले. १८९० चे तक्ते मात्र १९२१ साली राजधानीत लागलेल्या आगीमुळे जवळजवळ सगळे नष्ट झाले. तेव्हा १९०० वरून एकदम १८८० वर उडी मारावी लागते. तिथून १८७०.

गोऱ्या माणसाला तिथून पुढे १८६० आणि १८५० मध्येही घरातल्या प्रत्येकाचे नाव, वय, धंदा सापडतो. काळ्या माणसाच्या वंशजासमोर बहुतेक वेळा १८७० ला भिंत उभी राहते. वंशशोधक लोक तिला ‘१८७० ची भिंतच’ म्हणतात. कारण १८६५ पर्यंत त्यांचे पूर्वज कायद्याने माणसे नव्हतेच, मालमत्ता होते. १८७० ची जनगणना ही मुक्त झालेल्या सर्व लोकांची नावे लिहिणारी पहिली जनगणना.

त्याआधी काय लिहीत? १८५० आणि १८६० साली गुलामांसाठी वेगळा तक्ता होता. त्यात नाव मालकाचे. त्याखाली ओळीने आकडे: पुरुष, वय ३५, काळा. स्त्री, वय ३०, काळी. मूल, वय २, मिश्र. आंधळा, बहिरा, वेडा असेल तर तसा शेरा. पळून गेला असेल तर तीही खूण. नाव नाही. १८६० साली अमेरिकेत सुमारे साडेएकोणचाळीस लाख माणसे गुलाम होती. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांची गणती अशी बिननावाची झाली. गणती का करत, तर कर आणि प्रतिनिधित्व यांच्यासाठी. १७८७ च्या राज्यघटनेने पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब बांधून दिला होता. त्यामुळे गुलामांच्या मालकांच्या राज्यांना काँग्रेसमध्ये जास्त जागा मिळत. ज्यांना मत नाही त्यांच्या डोक्यांवर मते मोजून घेण्याची ही युक्ती!

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहून ते पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जन लोकांना अर्पण केले. त्याच्या फक्त तीन वर्षे आधी, त्या मुक्त झालेल्या लोकांच्या दारात पहिल्यांदा सरकारी कारकून आला होता आणि त्याने नाव विचारले होते.

सोमरसेटचा मळा

ही भिंत ओलांडायची तर आपल्या पूर्वजाचा मालक कोण होता ते आधी शोधावे लागते. दुर्दैव असे की, ज्याचे नाव उच्चारायची इच्छा नाही त्याच्याच नावाने दप्तर उघडते. आडनावावरूनही खात्री देता येत नाही. मुक्त झालेल्यांनी सगळ्यांनीच शेवटच्या मालकाचे आडनाव घेतले असे नाही. कोणी आधीच्या मालकाचे, कोणी वडिलांच्या मालकाचे, कोणी स्वतःच्या पसंतीचे घेतले. स्प्रुइल हे आडनाव त्या भागातल्या जुन्या गोऱ्या घराण्याचेही आहे. रेडफर्डबाईंना टिरेल, वॉशिंग्टन, शेजारची चोवान अशा काउंट्यांचे दप्तर चाळावे लागले. नोकरी सांभाळून हे काम चालले होते. सूचीत गुलामाचे नाव नसते, म्हणून खरेदीखतांची पाने एकेक करून उलटावी लागतात.

तो माग शेवटी फेल्प्स सरोवराच्या काठी, सोमरसेट प्लेस नावाच्या मळ्यावर जाऊन पोचला. या मळ्याची गोष्ट थोडक्यात सांगणे भाग आहे.

जोसाया कॉलिन्स हा इंग्लंडच्या सोमरसेट परगण्यातून आलेला व्यापारी. चोवान काउंटीतल्या एडन्टन या बंदराच्या गावी तो राहत असे. १७८० च्या दशकात त्याने आणखी दोघा भागीदारांबरोबर ‘लेक कंपनी’ काढून सरोवराभोवतालची एक लाख एकरांवर जमीन मिळवली. जमीन म्हणजे सायप्रसच्या झाडांची घनदाट दलदल. सरोवरापासून नदीपर्यंत कालवा खणला तर दलदलीचे पाणी निघेल, भाताला पाणी देता येईल, गिरण्या चालतील आणि माल बोटीने बाहेर जाईल, असा बेत. खणणार कोण? १७८६ साली कॅमडेन नावाचे जहाज आफ्रिकेतून थेट ८० माणसे घेऊन एडन्टनला लागले. त्यांनी आणि इथल्या इतर गुलामांनी मिळून सहा मैल लांब, वीस फूट रुंद कालवा हाताने खणला. चिखल, डास, ताप, थंडी. किती मेले त्याचा नीट आकडा कोणी ठेवला नाही.

या मळ्यावर येणे-जाणे असलेल्या एडवर्ड वॉरन नावाच्या एका गोऱ्या डॉक्टरने १८८५ साली आपल्या आठवणी छापल्या. त्यात त्याने या कालव्यासंबंधी ऐकलेली एक हकीकत नोंदवली आहे. दिवसभर खणून झाल्यावर रात्री ती आफ्रिकन माणसे आपल्या मुलखाची गाणी म्हणू लागत, आणि गाता गाता खांद्यावर बोचके टाकून, घरी निघाल्याप्रमाणे, सरोवराच्या पाण्यात चालत जात. काही जण बुडून मेले. मग मुकादमांना रात्रीचे गाणेच बंद करावे लागले. ही हकीकत ऐकीव आहे हे लक्षात ठेवूनच वाचली पाहिजे. पण ती मालकाच्या बाजूच्या माणसाने लिहून ठेवली आहे, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

पुढे भाताऐवजी मका आणि गहू आले. १८३० पासून मूळ कॉलिन्सचा नातू, तिसरा जोसाया कॉलिन्स, मळ्यावर राहायला आला. त्याचा चौदा खोल्यांचा वाडा आजही उभा आहे. १८६० च्या सुमारास या एका मळ्यावर तीनशेहून अधिक गुलाम होते, आणि राज्यातल्या सर्वांत मोठ्या मळ्यांत त्याची गणना होत असे. १७८५ ते १८६५ या ऐंशी वर्षांत तिथे साडेआठशेहून अधिक माणसे गुलामीत जगली. युद्ध आले, १८६३ मध्ये मालक मेला, १८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि बहुतेक लोक मळा सोडून निघून गेले.

साठ्याच्या यादीतली माणसे

कॉलिन्स घराणे हिशेबाला पक्के होते. त्यांचे कागद राज्याच्या राजधानीत, रॅलेच्या अभिलेखागारात जतन केलेले आहेत. काय मिळते या कागदांत? गुलामांच्या याद्या. नाव, वय, कधी कोणाकडून घेतले, कामाची लायकी, किंमत.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पेशाने कारकून. वर्षअखेरीस साठ्याची यादी करणे, जुन्या मालाची किंमत कमी धरणे हे आमचे रोजचेच. म्हणून या याद्यांविषयी वाचले तेव्हा अंगावर काटा आला. टॉमस ॲफ्लेक नावाच्या एका इसमाने १८४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मळेवाल्यांसाठी छापील तयार हिशेबवह्याच विकायला काढल्या होत्या. त्यात एक तक्ता असा की, वर्षाच्या सुरुवातीला गुलामाची किंमत किती आणि वर्षाच्या शेवटी किती. पोरगा वयात आला, किंमत वाढली. बाई म्हातारी झाली, किंमत घटली. तेरीज जुळली की वही बंद. रकाने नीटनेटके, हस्ताक्षर सुंदर. अन्याय नेहमी आरडाओरडा करूनच होतो असे नाही, सुबक अक्षरातही होतो.

पण याच वहीत माणसांची नावे आहेत! सरकारने नावे लिहिली नाहीत, कारण सरकारला डोकी मोजायची होती. मालकाने लिहिली, कारण त्याला मालाची ओळख पटवायची होती. आणि आणखी एक गोष्ट. व्हर्जिनियात १६६२ साली कायदा झाला की, मूल आईच्या स्थितीला जाईल. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. इतर वसाहतींतही हाच नियम रूढ झाला. गोऱ्या मालकांना तो दोन्ही अंगांनी सोयीचा होता, हे सांगायला नकोच. १८०८ पासून आफ्रिकेतून नवे गुलाम आणायला बंदी झाली, तेव्हा तर इथे जन्मलेल्या प्रत्येक मुलाला भाव आला. म्हणून याद्यांत आईचे नाव आणि तिच्यापुढे तिच्या मुलांची नावे सापडतात. बापाचे नाव पुष्कळदा गाळलेले. बाप कोण याच्याशी मालकीहक्काचा संबंध नव्हता. त्यामुळे वंशाचा धागा बहुधा आईकडून लागतो. खापरपणजीचा पत्ता लागतो, खापरपणजोबा चाचपडत शोधावे लागतात.

जुळवणी कशी करतात ते पाहण्यासारखे आहे. एकट्या नावावर भरवसा ठेवता येत नाही, कारण एकाच नावाच्या दहा बाया असू शकतात. म्हणून नावांचा झुपका धरायचा. मालकाच्या यादीत एक बाई आणि तिची चार मुले, त्यांची वये, असे सापडले. आता १८७० च्या जनगणनेत त्याच काउंटीत, तेवढी वर्षे मिळवून, तीच नावे जवळजवळच्या घरांत आहेत का ते पाहायचे. दोन नावे जुळली तर योगायोग. चार जुळली, त्याच क्रमाने जुळली, त्यांनी आपल्या मुलांना आजी-आजोबांची नावे ठेवलेली दिसली, तर धागा पक्का होत जातो. कारकून चुकीचे ऐकून नाव लिहितो, वय अंदाजाने पाचाच्या पटीत टाकतो, म्हणून तीन-चार ठिकाणी पडताळा घ्यावा लागतो. मृत्युपत्रात कोणता गुलाम कोणत्या मुलाच्या वाट्याला गेला ते असते. खरेदीखतात आई कोणाला आणि लेकरू कोणाला विकले तेही असते. ते वाचून पुढचे पान उलटायचे.

पंचवीस सेंटांची नोंद

सगळेच कागद मालकाचे नाहीत. नॉर्थ कॅरोलिनात १८६६ च्या मार्चमध्ये एक कायदा झाला. गुलामीत असताना नवरा-बायको म्हणून राहिलेल्या जोडप्यांनी काउंटीच्या कारकुनापुढे किंवा न्यायाधीशापुढे जाऊन तसे सांगावे आणि नोंद करून घ्यावी. फी पंचवीस सेंट. ठरल्या मुदतीत नोंद न केल्यास कायद्यात शिक्षेची तरतूद होती. गुलामांच्या लग्नाला आधी कायद्यात काडीची किंमत नव्हती. मालकाच्या मनात आले की नवरा एका गावी, बायको दुसऱ्या गावी. तरीही माणसे लग्ने करीत होती, एकमेकांना धरून राहत होती.

या नोंदवह्या बऱ्याच काउंट्यांच्या शिल्लक आहेत. नोंद एका ओळीची. नवऱ्याचे नाव, बायकोचे नाव, आणि किती वर्षे एकत्र राहिलो ते. कोणी दोन वर्षे सांगतो, कोणी वीस, कोणी चाळीस. हातात मजुरीचे पहिलेवहिले पैसे पडत होते, आणि त्यांतले पंचवीस सेंट खर्चून म्हातारी माणसे कचेरीत येऊन सांगत होती की, ही माझी बायको, हा माझा नवरा. वंशावळीच्या कागदांमध्ये यापेक्षा मोलाचा कागद मला तरी दुसरा वाटत नाही. तो मालकाने लिहवलेला नाही, त्या दोघांनी सांगून लिहवलेला आहे.

मुक्त झालेल्या लोकांसाठी १८६५ साली फ्रीडमन्स ब्युरो हे सरकारी खाते निघाले, ते १८७२ पर्यंत चालले. मजुरीचे करार, धान्यवाटपाच्या याद्या, शाळांचे अहवाल, मालकाने मजुरी बुडवल्याच्या तक्रारी, असे त्याचे दप्तर आहे. त्याच वर्षी फ्रीडमन्स बँकही निघाली. नॉर्थ कॅरोलिनात न्यू बर्न, विल्मिंग्टन आणि रॅले इथे तिच्या शाखा होत्या. गरीब लोकांनी पै पै करून पैसे ठेवले. कारभाऱ्यांनी गैरकारभार केला आणि १८७४ साली बँक बुडाली. ६१ हजार खातेदारांचे सुमारे तीस लाख डॉलर अडकले. काहींना थोडेफार मिळाले, पुष्कळांना काहीच नाही. मात्र खाते उघडतानाचे अर्ज राहिले. कारण खातेदाराची ओळख पटवण्यासाठी त्यांत आईबाप, भाऊ-बहीण, मुले, जन्मगाव, कधी कधी जुना मालक, एवढे विचारलेले होते. पैसे गेले आणि नाती राहिली. पुढे अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या तुरुंगातील कैद्यांनी अकरा वर्षे खपून या अर्जांतली जवळपास ४ लाख ८० हजार नावे कॉम्प्युटरवर उतरवली. २००१ साली ती सर्वांना उपलब्ध झाली. ब्युरोच्या कागदांची नावनिशी सूची हजारो स्वयंसेवकांनी मिळून २०१६ साली पुरी केली. रेडफर्डबाईंच्या वेळी यातली कोणतीच सोय नव्हती.

आणि जे कागदावर सापडत नव्हते ते? विकून टाकलेल्या आईला, भावाला शोधणाऱ्या जाहिराती मुक्त झालेले लोक वर्तमानपत्रांत देत. न्यू ऑर्लिन्सच्या एका चर्चच्या पत्रात १८७७ पासून ‘हरवलेले स्नेही’ असे सदरच चालत असे. पाद्री रविवारी ते चर्चमध्ये मोठ्याने वाचून दाखवत, कारण ऐकणाऱ्यांतले बहुतेक निरक्षर. ताटातूट होऊन वीस-तीस वर्षे झाली तरी माणसे जाहिराती देत होती.

३० ऑगस्ट १९८६

रेडफर्डबाईंनी शोध सुरू केला तो आपल्या घराण्यापुरता. पण यादी हातात आली की एकाच घराण्यावर बोट ठेवून कसे चालेल? त्याच पानावर शेजारी दुसऱ्यांची नावे. त्यांनी मळ्यावरच्या सगळ्याच कुटुंबांचे धागे पुढे आणायला सुरुवात केली. आज कोण कुठे आहे, कोण न्यूयॉर्कला गेले, कोण अजून क्रेसवेलच्या आसपास शेतीवर आहे, याचा शोध घेतला. सोमरसेटचा मळा तोवर राज्य सरकारने ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन केलेला होता. येणाऱ्यांना वाडा, फर्निचर, बाग दाखवली जाई, कॉलिन्स घराण्याच्या गोष्टी सांगितल्या जात. ज्यांनी वाडा बांधला त्यांच्याविषयी जवळजवळ काही नव्हते. त्यांच्या झोपड्या कधीच नाहीशा झाल्या होत्या.

तिथेच त्या सर्वांना एकत्र बोलवायचे असे बाईंनी ठरवले. त्यासाठी पत्रे, फोन, वर्तमानपत्रांतून बातम्या, चर्चमध्ये निरोप. ३० ऑगस्ट १९८६ रोजी त्या लहानशा, आडबाजूच्या गावाजवळ दोन हजारांहून अधिक माणसे जमली. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या बाया, तरुण पोरे. ज्या वाड्याकडे त्यांच्या पणज्यांनी खाली मान घालून पाहिले असेल त्या वाड्यासमोरच्या गवतावर ती बसली, जेवली, नाती जुळवत हिंडली. मालकाच्या घराण्यातले वंशजही आले होते. ‘रूट्स’ लिहिणारे ॲलेक्स हॅले स्वतः आले. ज्यांच्या पुस्तकावरून मुलीने प्रश्न विचारला, तेच उत्तर पाहायला हजर!

एका गोष्टीबद्दल मात्र मतभेद होऊ शकतो. आपल्या आज्या-पणज्यांना जिथे बांधून ठेवले त्या जागी सण साजरा का करावा, मालकाच्या वंशजाशी हात का मिळवावा, असे कोणी विचारेल. मला स्वतःला हा प्रश्न गैर वाटत नाही. पण ती जागा कोणाची, याचाही विचार केला पाहिजे. कालवा कोणी खणला? विटा कोणी वाहिल्या? त्या लोकांनी आपली जागा परत घेतली ती मालकीहक्काने नाही, नावाच्या हक्काने. पाहुणे म्हणून नव्हे, घरचे म्हणून ते आले. बाईंनी पुढे लिहिलेल्या पुस्तकाच्या नावातही ‘होमकमिंग’ म्हणजे घरी परतणे हाच शब्द आहे. ‘सोमरसेट होमकमिंग’ हे पुस्तक १९८८ साली निघाले.

१९९० साली त्याच स्थळाच्या व्यवस्थापक म्हणून राज्य सरकारने रेडफर्डबाईंना नेमले. जिथे आजोबांचे आजोबा मालमत्ता म्हणून नोंदले गेले तिथल्या किल्ल्या नातीच्या हातात आल्या. २००८ साली त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या काळात जागा उकरून गुलामांच्या घरांचे पाये शोधले गेले आणि त्यांवरून काही घरे, आजाऱ्यांची खोली नव्याने उभी केली गेली. त्यांतल्या एका दुमजली घराला सकी डेव्हिस या बाईचे नाव आहे. दुसरे लहान घर लुईस आणि ज्युडी या जोडप्याचे. ही नावे मळ्याच्या कागदांतून आली आहेत. आता फिरायला येणाऱ्या शाळकरी मुलांना वाड्याबरोबर तीही घरे दाखवतात, आणि वाड्यासमोरून गेलेला कालवाही.